ठमीचा वाढदिवस यंदा तिथीने आणि तारखेने एकाच दिवशी येतोय

चाकरमानी_डोंबिवली | १९ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय पण लिहितो ते फक्त गणपतीच्या गाड्यांच्या धाग्यावर, तिकीट मिळालं नाही म्हणून बोंबलायला. त्यामुळे हा धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आमची मुलगी, घरात ठमी म्हणायचो, २७ ऑगस्ट २००६ ला झाली. रविवार होता आणि त्यात गणेश चतुर्थी. घरात नैवेद्याची घाई आणि इकडे हिच्या कळा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ठमीला ल्युकेमिया निघाला, ए.एल.एल. म्हणतात तो, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच. टाटाला ट्रीटमेंट चालू होती, मधे सगळं चांगलं झालं, केस आले, शाळेत जायला लागली, मग २०१५ ला परत उलटला आणि जानेवारी २०१६ मध्ये ती गेली. नऊ वर्षांची होती.

आता मुद्दा. आमच्या घरात तिचे वाढदिवस दोन. बायको तिथी पाळते, मी तारीख. असं काही ठरवून नाही झालं. चतुर्थीला आम्ही गावी असतो, संगमेश्वर तालुक्यात, घरचा गणपती, सगळी भावकी जमते. दुपारचा नैवेद्य झाला की ही एक मोदक वाटीत काढते, वर तूप घालते आणि माजघरातल्या फडताळात ठेवते. कोण काही विचारत नाही, ती काही बोलत नाही. आणि २७ तारखेला मी ऑफिसातून हाफ डे घेऊन दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जातो, तिथे टाटाचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, त्यांच्या जेवणाचे पैसे भरतो, परळपर्यंत चालत जातो, गाडी पकडून घरी येतो. ती विचारत नाही कुठे होतात, मी सांगत नाही. तारीख गणपतीच्या दिवसांतच आली तर जमेल तेव्हा पुढेमागे जातो. एकंदरीत चाललंय.

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टलाच आहे. कॅलेंडर बघितलं तेव्हापासून डोक्यात तेच. पूजेला मी बसतो, थोरला म्हणून, घरात तीसेक माणूस असणार. दादरला जाता येणार नाही हे काही नाही, पैसे मागाहून भरता येतात. पण त्या दिवशी आम्ही दोघं एकाच घरात एकाच गोष्टीबद्दल गप्प बसणार, ते कसं करायचं ते समजत नाहीये.

ज्यांची मुलं गेलीत ते वाढदिवसाला काय करतात? बाकीच्यांनीही सांगा. फक्त 'काळ हेच औषध' लिहू नका, ते औषध नऊ वर्षं घेतोय.

खारेदाणे | २० ऑगस्ट, सकाळी ७:१५

वाचलं. काय लिहावं समजत नाही पण वाचून तसंच निघून जाणं बरं वाटेना. काका, ठमी कशी होती ते लिहा ना. आजार सोडून.

सदाशिव_पेठी | २० ऑगस्ट, सकाळी ९:०२

आपल्या दुःखात सहभागी आहे. पण स्पष्ट सांगतो, राग मानू नये. गणपती हे मंगलकार्य, त्या दिवशी गेलेल्या माणसाचा विषय घरात काढू नये असं आमच्याकडे जुनी माणसं सांगत. जीव अडकून राहतो. भाद्रपद पौर्णिमा झाली की पितृपक्ष लागतोच, तेव्हा गुरुजींना विचारून जे काय करायचं ते करावं. वाढदिवस असतो तो जिवंत माणसाचा.

मनीमाऊ | २० ऑगस्ट, सकाळी ९:४०

@सदाशिव_पेठी जीव नक्की कोणाचा अडकतो हो? नऊ वर्षांच्या पोरीचा वाढदिवस आहे तो, तेराव्याचं जेवण नाहीये. आणि वहिनी गेली नऊ वर्षं त्याच दिवशी मोदक काढून ठेवतायत तर बाप्पाने काही आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही.

सदाशिव_पेठी | २० ऑगस्ट, सकाळी ९:५५

मी माझं मत मांडलं. ज्याने त्याने ठरवावं.

पंचांग_प्रेमी | २० ऑगस्ट, दुपारी १:२०

चाकरमानी साहेब, थोडी पंचांगाची माहिती देतो, इथे अवांतर वाटली तर सोडून द्या. हा एकोणिसाव्या वाढदिवसाचा हिशेब आहे आणि तो सगळ्यांना लागू होतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, आपलं कॅलेंडरचं ३६५ चं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते. १९ वर्षांत असे सात अधिक मास येतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, अधिक ७, एकूण २३५ चांद्रमास. या २३५ महिन्यांची लांबी आणि १९ सौर वर्षांची लांबी यात फरक फक्त दोनेक तासांचा. त्यामुळे एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख परत एकमेकींना गाठतात, कधी एखादा दिवस इकडेतिकडे होतो. तुमच्या बाबतीत तो फरकही पडला नाही. २००७ ला चतुर्थी १५ सप्टेंबरला होती, २०१२ आणि २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२० ला पार मागे २२ ऑगस्ट, आणि आता बरोबर २७. यानंतर असा योग तिच्या अडतिसाव्याला, म्हणजे २०४४ च्या सुमारास.

मी या विषयावर इथे पन्नासवेळा लिहिलंय पण कधी कोणाच्या घरी हे असं लागू पडेल असं डोक्यात आलं नव्हतं.

चाकरमानी_डोंबिवली | २० ऑगस्ट, रात्री १०:३०

पंचांगवाले, धन्यवाद. मला वाटलेलं योगायोग. एकोणिसावा हे मी मोजलंच नव्हतं, खरं सांगायचं तर मी नऊच्या पुढे मोजत नाही.

खारेदाणे, ठमी कशी होती. भांडकुदळ. पत्त्यात चीटिंग करायची आणि पकडली की पत्ते उधळून द्यायची. लोकलमध्ये विंडो सीटसाठी अनोळखी माणसाशी तह करायची, ठाण्यापर्यंत तुम्ही मग मी.

आजार सोडून लिहा म्हणालात पण तिच्या ज्या गोष्टी मला जास्त आठवतात त्या त्याच दिवसांतल्या आहेत त्याला मी काय करू. २०१३ चे गणपती ९ सप्टेंबरला होते, तिची पहिल्या महिन्याची ट्रीटमेंट चालू होती, त्यात स्टिरॉइड असतं, त्याने पोरांना भयानक भूक लागते, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल, रात्री दोनला उठून वरणभात मागायची, खाल्ला की अर्ध्या तासात पोळी, गाल एवढे फुगलेले की हसली की डोळे मिटायचे. त्या वर्षी गावी जायचा प्रश्नच नव्हता, डोंबिवलीतच घरी छोटी मूर्ती आणली. बाहेरचं खाणं बंद, कच्चं काही नाही, सगळं शिजवलेलं आणि गरम. बायकोने घाबरत घाबरत विचारलं उकडीचे मोदक चालतील का, तर वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या अहो वाफवलेलाच पदार्थ की, घरी करा, हात धुवून करा, गरम द्या. तर रात्री दोनला मोदकपात्र गॅसवर आणि ही ओट्याजवळ स्टुलावर बसून मोदकाच्या कळ्या मोजतेय. नऊपेक्षा कमी निघाल्या तर तो रिजेक्ट, बाबांना द्या.

फुलं, पत्री, दुर्वा, माती यातलं काही तिच्या जवळ नको असंही सांगितलेलं, ट्रीटमेंटमध्ये काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी होतात, इन्फेक्शन व्हायला नको म्हणून. म्हणून मूर्तीला नुसतं गंध-अक्षता आणि कागदाचा हार. आणि मूर्तीकडे बघून ही मला विचारते, बाबा, बाप्पाचे पण काउंट कमी झालेत का?

ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन हसलो. हसलोच, खरंच.

खारेदाणे | २० ऑगस्ट, रात्री १०:४१

बाप्पाचे काउंट 🙏😭😂

सिस्टर_रक्तपेढी | २१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

नाइट ड्युटी संपवून लिहितेय, चुका समजून घ्या. मुंबईत एका रक्तपेढीत आहे, कुठली ते सोडा. दादा, तुम्ही जेवणाचे पैसे भरता ते उत्तमच, पण तुम्हाला आणि इथे सगळ्यांना एक सांगते. गणपती, दिवाळी, मे महिना, या दिवसांत रक्तदाते गावी जातात आणि पोरांची किमो काय सण बघून थांबत नाही. प्लेटलेट काढल्यापासून पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दाता त्या त्या आठवड्यातच लागतो. एसडीपी म्हणतात त्यात मशीनला लावून फक्त प्लेटलेट काढतात, रक्त तुमचं तुम्हाला परत, तासदीड तास जातो. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, पोटभर खाऊन या, हाताची शीर चांगली पाहिजे. रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, प्लेटलेटला तसं नाही, लवकर परत देता येतं.

आमच्याकडे एक आई येते मुलाच्या वाढदिवसाला. फॉर्मवर रक्तदानाचं कारण विचारलेलं नसतं तरी वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहून ठेवते. आम्ही कोण खोडत नाही.

जर्सीकर | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

मी न्यू जर्सीत असते. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला, पोहण्याच्या तलावात. मी त्याच्या वाढदिवसाला त्या वयाच्या मुलासाठी खेळणं घेते आणि डोनेशनमध्ये देते. सात वर्षांच्याला लेगो, नऊ वर्षांच्याला सॉकर बॉल, बारा-तेरापर्यंत छान चाललं. सतराव्याला मी दुकानात उभी आणि मला सुचेचना, सतरा वर्षांच्या मुलाला काय आवडतं? मला माहितीच नाही. त्या दुकानातल्या पोराला विचारलं, तुला काय आवडलं असतं, त्याने हेडफोन दाखवले, तेच घेतले.

इथे कम्पॅशनेट फ्रेंड्स म्हणून मुलं गमावलेल्या आईबापांची संस्था आहे, सुरुवात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९६९ साली झाली, अमेरिकेत आता गावोगावी शाखा आहेत. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला सगळे आपापल्या ठिकाणी मेणबत्ती लावतात, जिथे सात वाजतील तिथे लागते, अशी ती जगभर पुढे पुढे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते सगळं फार परकं वाटलेलं, गोल बसायचं, आपली ओळख सांगायची. पण तिथे 'तुम्हाला मुलं किती' विचारलं की मी दोन सांगते आणि पुढे स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक सांगायचं की दोन यावर मी कारमध्येच ठरवून जाते.

चाकरमानी दादा, बायकोशी आधी बोला. मग बाकीचे तीस.

धाकटा | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

थोडं वेगळं लिहितो. मी मागे राहिलेला. दादा गेला तेव्हा मी आठवीत होतो. आईबाबांना दोष नाही देत, पण त्यानंतर आमच्या घरात कोणाचाच वाढदिवस झाला नाही, त्याचाही नाही आणि माझाही नाही. दहावीच्या रिझल्टला पेढे आणले ते शेजाऱ्यांनी. मला दादाबद्दल बोलायला घरात माणूसच नव्हतं, सगळे एकमेकांना जपत होते आणि मी सगळ्यांना. आज पस्तिशीचा झालो तरी त्याचे मित्र भेटले की मी चहा पाजून पाजून त्याच्या गोष्टी काढून घेतो. काका, ठमीला भाऊ-बहीण आहे का? असेल तर त्याला विचारा २७ ला काय करायचं. त्याला नक्की काहीतरी वाटत असणार.

अबोली | २१ ऑगस्ट, रात्री ११:५५

आमच्या बाळाची जन्मतारीख आणि जाण्याची तारीख एकच. पोटातच गेलं, नवव्या महिन्यात. त्याचा वाढदिवस म्हटलं तर लोक बघत राहतात म्हणून म्हणत नाही. इथे म्हटलं.

मनीमाऊ | २२ ऑगस्ट, सकाळी ८:००

अबोली ताई, इथे बिनधास्त म्हणा.

चाकरमानी_डोंबिवली | २२ ऑगस्ट, रात्री ११:१०

सगळ्यांचं वाचतोय, प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाहीये.

धाकटा, मुलगा आहे, ठमीपेक्षा सहा वर्षांनी लहान, आता तेरावं चालू. ती गेली तेव्हा साडेतीनचा होता, त्याला किती आठवतं माहीत नाही. त्याचे वाढदिवस करतो आम्ही, केक, मित्र सगळं. मात्र तो दहावा वाढदिवस झाला त्या रात्री त्याने मला विचारलेलं, आता मी मोठा झालो, तर अजून ताईच म्हणायचं का? मी म्हटलं ताईच. तो बरं म्हणून झोपला. त्यावर परत बोलणं नाही. तुम्ही म्हणताय तसं विचारतो.

परवा रात्री निघतोय. तिकीट अर्थातच मिळालेलं नाही, एसटीने.

चाकरमानी_डोंबिवली | ३० ऑगस्ट, दुपारी ४:२०

गावाहून लिहितोय, रेंज अंगणात जांभ्याच्या गडग्यावर चढलं तरच येते, त्यामुळे एकदमच सगळं टाकतो.

एसटीत पेणच्या पुढे गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, ते नेहमीचंच, तेव्हा मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं हे वाच. मुलगा मागच्या सीटवर झोपलेला. तिने सगळं वाचलं, वर जाऊन परत वाचलं. मग म्हणाली, तारीख-तिथी एकत्र येतेय हे मला डिसेंबरात कालनिर्णय आणलं तेव्हाच दिसलेलं, मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलताय. आणि दादरला जाता ते तिला पहिल्या वर्षापासून माहीत, पावती शर्टाच्या खिशात राहते आणि कपडे ती धुते. आता यावर माणूस काय बोलणार.

मुलाला विचारलं. तो म्हणाला मी बघतो. काय बघतो ते सांगेना.

चतुर्थीला पूजा नेहमीसारखी झाली. संध्याकाळी आरत्या, घालीन लोटांगण, मंत्रपुष्पांजली, 'मोरया' झालं आणि प्रसाद वाटायच्या आधी हा पठ्ठ्या मखराजवळ उभा राहून मोठ्याने म्हणाला, आज ताईचा वाढदिवस आहे, तिला एकोणीस वर्षं पूर्ण झाली. तीस माणसं गप. टाळ कोणाच्या तरी हातात तसेच. मला घाम फुटला.

मग आमची चुलती, ऐंशीच्या घरातली, खांबाला टेकून बसलेली, ती म्हणाली, व्हय तर, मीच निवद दाखवायला ताट घेतलंवतं नि फोन वाजला, पोरगी झाली, ताट तसंच हातात. त्यावर माझी बहीण म्हणाली, ताट नाही, आरती. त्यावरून दोघींची जुंपली. मग चुलतभावाची मुलगी, ठमीच्याच वयाची, आता रत्नागिरीला कॉलेजला आहे, ती म्हणाली तिने माझा परकराचा गोंडा कापून बाप्पाच्या उंदराला बांधलेला आणि मार मी खाल्ला. असं करत करत प्रसाद राहिला बाजूला. मला यातल्या निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या. नऊ वर्षं का नाही कोण बोललात विचारलं तर सगळ्यांचं एकच, तुम्हा दोघांना त्रास नको म्हणून.

सगळं गोडच झालं असं नाही. माझा धाकटा भाऊ मधेच उठून बाहेर गेला तो भजनाला मंडळी आली तेव्हा आत आला. टाटाला रात्रीचा तिच्यापाशी तो बसायचा, मी कामावर असायचो. त्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही. सवड बघून बोलेन.

सिस्टर, मुंबईला आलो की मी आणि चुलतभाऊ दोघं एसडीपीला जातोय. मी पन्नाशी ओलांडलीय, चालेल का?

सिस्टर_रक्तपेढी | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

साठपर्यंत चालतं, बाकी तपासणी तिथे करतात. बीपीच्या गोळ्या असतील तर आधी फोन करून विचारा. आणि गणपती झाल्या झाल्या या, तेव्हाच खरी ओढाताण असते.

चाकरमानी_डोंबिवली | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मी सौ. लिहितेय, यांच्याच आयडीवरून. हे गौरी आणायला पाणवठ्यावर गेलेत.

यांनी लिहिलंय त्यात दोन दुरुस्त्या. एक, कळ्या नऊ नाही, अकरा पाहिजे असायच्या तिला. नऊ कळ्यांचे हे स्वतः करायचे म्हणून यांना नऊच आठवतंय. दुसरं, लोकलमध्ये ती तह वगैरे काही करायची नाही, सरळ जाऊन त्या माणसाच्या मांडीवर बसायची.

आणखी एक, जे यांना माहीत नाही. शेवटच्या महिन्यात ती मला म्हणाली, आई, पुढच्या गणपतीला माझ्या केसांचा अंबाडा घालशील का, गौरीसारखा. मी म्हटलं घालीन, लांब होऊ देत. तेव्हा बोटभर पण नव्हते. हे मी कोणाला बोलले नव्हते. आज गौर सजवायची आहे, अंबाडा मीच घालणार आहे, जावेला सांगून ठेवलंय कोणी हात लावायचा नाही.

जर्सीकर ताई, तुमच्या मुलाबद्दल अजून लिहा, तो काय काय करायचा ते. अबोली ताई तुम्ही पण. नाव ठेवलं होतंत का?

अबोली | ३१ ऑगस्ट, दुपारी १२:१५

हो वहिनी. ठेवलं होतं. ओवी.

नुसता_वाचक | ३१ ऑगस्ट, दुपारी ३:४८

सदस्य होऊन सात वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद. आमचा बंड्या, ११ ऑक्टोबर. कैरीचं लोणचं नुसतं खायचा, वाटी घेऊन. गाणी सगळी बेसूर पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचे वर येऊन बसायचे. अजून बरंच आहे, उद्या लिहितो, टायपिंगला वेळ लागतो मला.